अध्यादेश निघाला म्हणजे नेमके काय निघाले?

महाराष्ट्रात शासनाचा कागद 'निघतो'. तो कोणी काढला, कोणत्या अधिकारात काढला आणि किती दिवसांपुरता काढला या बाबी निघण्याच्या आनंदात किंवा संतापात मागे पडतात आणि चहाच्या टपरीपासून वृत्तवाहिनीच्या पडद्यापर्यंत त्या कागदाला एकच नाव मिळते: अध्यादेश. बदल्यांचे परिपत्रक असो, शाळेच्या वेळा ठरवणारा आदेश असो, अनुदानाचा शासन निर्णय असो किंवा हरकती मागवण्यापुरता प्रसिद्ध केलेला मसुदा असो, लोकव्यवहारात त्या सर्वांची बढती होऊन ते अध्यादेशाच्या पदाला पोहोचतात. शासकीय सेवेत इतक्या विनासायास बढती मिळवणारे दुसरे काहीही आढळत नाही.

वास्तविक अध्यादेश ही फार नेमकी वस्तू आहे. संसदेचे किंवा राज्य विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना, अधिवेशन भरेपर्यंत थांबता येणार नाही अशी परिस्थिती उद्भवली, तर राष्ट्रपती संविधानाच्या अनुच्छेद १२३ खाली आणि राज्यपाल अनुच्छेद २१३ खाली, अर्थातच मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, जो तात्पुरता कायदा प्रख्यापित करतात, म्हणजे विधिपूर्वक जाहीर करतात, त्याला अध्यादेश म्हणतात; जुनी माणसे ज्याला वटहुकूम म्हणतात तोच हा. त्याचे बळ पुऱ्या कायद्याइतके असते, त्याच्या आधारे माणसाला तुरुंगातही टाकता येते. उणीव असते ती केवळ आयुष्याची. सभागृहे पुन्हा भरली की तो त्यांच्यापुढे ठेवावा लागतो, आणि ती भरल्यापासून सहा आठवडे लोटले की, किंवा त्याआधीच त्यांनी नामंजुरीचा ठराव केला तर त्या क्षणी, त्याचा अंमल संपतो. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये असाही संविधानाचा दंडक असल्यामुळे हिशेब असा निघतो की कोणताही अध्यादेश फार तर साडेसात महिने जगतो. हा हिशेब संविधान लिहिणाऱ्यांचा; तो चुकवण्याची कला पुढे ज्यांनी विकसित केली त्यांच्याकडे नंतर वळता येईल.

नावांच्या गोंधळाचे अलीकडचे ठळक उदाहरण २०२४ च्या जानेवारीतले आहे. मनोज जरांगे पाटील यांच्या नेतृत्वाखाली मराठा आरक्षणाचा मोर्चा नवी मुंबईत वाशीपर्यंत पोहोचला, तेव्हा जातप्रमाणपत्रांच्या नियमांत 'सगेसोयरे' या संज्ञेची व्याख्या घालणारी एक अधिसूचना शासनाने २६ जानेवारीच्या तारखेने प्रसिद्ध केली. गुलाल उधळला गेला आणि 'अध्यादेश निघाला' ही वार्ता काही मिनिटांत गावोगाव पोहोचली. कागदावर मात्र 'मसुदा' असा शब्द होता आणि १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती व सूचना पाठवण्याचे आवाहन होते. ज्यावर हरकती मागवल्या जातात तो कागद अध्यादेश असू शकत नाही, कारण अध्यादेशाचा सारा डौलच मुळी कोणालाही न विचारण्यात असतो. तरीही अनेक मथळ्यांत अध्यादेशच झळकला, बहुधा 'मसुदा अधिसूचनेवर हरकतींसाठी मुदत' या शब्दांवर गुलाल उधळणे कोणालाही अवघड गेले असते म्हणून.

अधिसूचना म्हणजे मुळात काय, तर एखाद्या अधिनियमाने शासनाला आधीच दिलेला अधिकार वापरून राजपत्रात केलेली रीतसर घोषणा. तिला स्वतःचे बळ नसते, ते तिला अधिनियमाकडून मिळते. पण मिळालेले बळ किती असू शकते याचा अनुभव ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री देशाने घेतला. पाचशे व हजाराच्या नोटा त्या रात्री अध्यादेशाने बाद झाल्या असा समज आजही प्रचलित आहे, प्रत्यक्षात त्या बाद झाल्या रिझर्व्ह बँक अधिनियमाच्या कलम २६ मधील उपकलम २ खालच्या अधिसूचनेने. १९४६ आणि १९७८ मधल्या नोटाबंदीसाठी खरोखरच अध्यादेश काढले गेले होते. २०१६ मध्ये अध्यादेश आला तो ३० डिसेंबरला, बँकांपुढच्या रांगा आटोपल्यावर, आणि त्याने जुन्या नोटा बाळगणे हा दंडनीय अपराध ठरवला. त्यातही एक सवलत ठेवली होती: सामान्य नागरिकाला अशा दहापर्यंत नोटा जवळ ठेवता येत होत्या, तर अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्र यांसाठी पंचवीसपर्यंत. ज्ञानाची किंमत सामान्य कुतूहलाच्या अडीचपट असते हे शासनाने इतक्या स्पष्टपणे पूर्वी कधी मान्य केले नव्हते.

या कुटुंबातल्या इतर सदस्यांची ओळखही येथेच करून घेणे बरे. विधेयक म्हणजे सभागृहापुढे मांडलेला कायद्याचा प्रस्ताव. दोन सभागृहे असतील तेथे दोन्हींनी तो संमत केला आणि राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची अनुमती मिळाली की त्याचा अधिनियम होतो, आणि सामान्य माणूस ज्याला कायदा म्हणतो तो बहुधा हाच. अधिनियमाने आखून दिलेल्या चौकटीत शासन जे तपशील ठरवते ते नियम, एखादे मंडळ किंवा विद्यापीठ ठरवते ते बहुधा विनियम, आणि नगरपालिकेसारखी किंवा सहकारी गृहनिर्माण संस्थेसारखी संस्था ठरवते ते उपविधी. शेवटचे हे सर्वांत दुबळे असले तरी गच्चीवर पापड वाळत घालण्याच्या प्रश्नावर सर्वाधिक रक्त आटवणारे तेच असतात. अधिनियम संमत झाला म्हणजे तो लागू झाला असेही नव्हे, कारण तो कोणत्या दिवसापासून अमलात यावा हे ठरवण्याचा अधिकार पुष्कळदा शासनाकडे असतो. १९९५ चा दिल्ली भाडे अधिनियम संसदेने संमत केला, राष्ट्रपतींनी त्याला अनुमती दिली, व्यापाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि तो लागू करणारी अधिसूचना काही निघाली नाही. अध्यादेश जन्मताच धावू लागतो आणि लवकर मरतो. हा अधिनियम मेला नाही आणि उठलाही नाही. संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये 'कायदा' या शब्दात अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना आणि रूढी या सर्वांचा समावेश केला आहे, त्यामुळे टपरीवरचा वक्ता या सर्वांना एकाच नावाने हाक मारतो तेव्हा त्याचे अगदीच चुकते असे म्हणता येत नाही. तथापि तो अनुच्छेद मूलभूत हक्कांच्या संरक्षणासाठी आहे, बातम्यांच्या मथळ्यांच्या सोयीसाठी नव्हे.

अध्यादेशाच्या पदावर सर्वाधिक हक्क सांगणारा कागद मात्र शासन निर्णय हा होय, ज्याला मंत्रालयापासून तलाठी कार्यालयापर्यंत 'जीआर' म्हणतात. हा शासनाच्या कार्यकारी अधिकारातला निर्णय असतो. तो अधिनियमाच्या किंवा नियमांच्या विरुद्ध जाऊ शकत नाही, ते जेथे गप्प आहेत तेथे तो बोलू शकतो, आणि त्यासाठी विधिमंडळाला विचारावे लागत नाही. त्याची रचना वाङ्मयप्रकार म्हणून अभ्यासण्याजोगी आहे. प्रारंभी 'वाचा' या शब्दाखाली आधीच्या शासन निर्णयांचे क्रमांक आणि दिनांक दिलेले असतात. आज्ञार्थी असूनही जिचे पालन कोणीच करत नाही अशी शासनाची ही पहिली आज्ञा. मग 'प्रस्तावना' येते आणि अमुक बाब शासनाच्या विचाराधीन होती असे सांगते, आणि ती किती वर्षे विचाराधीन होती हे सांगायचे टाळते. त्यानंतर निर्णय, आणि शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' अशी ओळ, जिच्याखाली अवर सचिवाची किंवा उपसचिवाची स्वाक्षरी असते. सारा घोटाळा या एका ओळीने केला आहे. राज्यपालांचे नाव दिसले की वाचकाला अध्यादेश दिसतो. परंतु अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्याची सर्व कार्यकारी कृत्ये राज्यपालांच्याच नावाने करायची असल्यामुळे, ज्या विंधन विहिरीच्या दुरुस्तीची राज्यपालांना गंधवार्ताही नसते तिच्या खर्चालाही त्यांच्याच नावाने मंजुरी मिळते. स्वाक्षरीच्या खाली प्रती कोणाकोणाला पाठवल्या त्याची यादी राजभवनापासून सुरू होऊन जिल्हा कोषागारापर्यंत उतरते आणि 'निवड नस्ती' या गूढ शब्दांवर संपते. ती विभागाने स्वतःच्या संग्रहासाठी राखलेली प्रत असून वेळेवर न सापडणे हा तिचा स्वभावधर्म आहे.

शासन निर्णयात चूक राहिली तर शासन शुद्धिपत्रक निघते, आणि शुद्धिपत्रकात चूक राहिल्यास त्याचेही शुद्धिपत्रक निघू शकते. शुद्धीला अंत नाही हे तत्त्व अध्यात्मानंतर फक्त मंत्रालयात टिकून आहे. परिपत्रकाचा दर्जा याहून खालचा. त्यात नवे काही ठरवलेले नसते, आधी ठरलेले कोणी पाळत नाही याची वेदना असते, म्हणून ते 'यापूर्वी वेळोवेळी सूचना देऊनही' या शब्दांनी सुरू होते आणि 'गांभीर्याने नोंद घ्यावी' येथे थांबते. राजपत्राची गोष्ट वेगळी. ते शासनाचे अधिकृत वृत्तपत्र असून त्याचा नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर काढलेला अंक 'असाधारण' म्हणवला जातो. हे अंक इतक्या संख्येने निघतात की साधारण अंकालाच कधीतरी असाधारण म्हणण्याची वेळ यावी.

खऱ्या अध्यादेशाला ओळखण्याची खूण त्याच्या पहिल्या वाक्यात असते. 'ज्याअर्थी' सभागृहांचे अधिवेशन चालू नाही, आणि 'ज्याअर्थी' त्वरित कार्यवाही करणे आवश्यक व्हावे अशी परिस्थिती अस्तित्वात असल्याबद्दल राज्यपालांची खात्री पटली आहे, 'त्याअर्थी' पुढील अध्यादेश प्रख्यापित करण्यात येत आहे, अशी ही प्राचीन तर्कशास्त्राला शोभणारी मांडणी असते. यातली खात्री ही राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची म्हटली असली तरी ती मंत्रिमंडळाची खात्री असते, आणि मंत्रिमंडळाने आग्रह धरला की ती पटतेच. २००२ मध्ये राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी निवडणूक लढवणाऱ्या उमेदवारांनी द्यावयाच्या माहितीसंबंधीचा अध्यादेश शंका उपस्थित करून परत पाठवला. मंत्रिमंडळाने तो जसाच्या तसा पुन्हा पाठवला, आणि संविधानानुसार आता खात्री पटण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आणीबाणीत तर १९७५ च्या अडतिसाव्या घटनादुरुस्तीने ही खात्री अंतिम असून तिला न्यायालयात आव्हान देता येणार नाही असे ठरवून टाकले होते. ती तरतूद १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने काढली गेली. त्या काळाचे मर्म अबू अब्राहम यांच्या १० डिसेंबर १९७५ च्या व्यंगचित्राने जितके पकडले तितके घटनाशास्त्राच्या ग्रंथांनी पकडलेले नाही: त्यात राष्ट्रपती न्हाणीघरातल्या टबातून हात बाहेर काढून अध्यादेशावर सही करत आहेत आणि आणखी अध्यादेश असल्यास त्यांना थोडे थांबायला सांगा, असे दाराशी उभ्या माणसाला सुचवत आहेत.

सही होण्याआधी कागद अध्यादेश नसतो, ही साधी गोष्टही स्मरणातून निसटते. दोषी ठरलेल्या लोकप्रतिनिधींना अभय देणारा अध्यादेश २०१३ च्या सप्टेंबरमध्ये राहुल गांधी यांनी पत्रकारांसमोर फाडला अशी आठवण पुष्कळांना आहे. त्यांनी तो फाडून फेकून देण्याच्या योग्यतेचा आहे असे म्हटले होते, फाडला काहीच नव्हता, आणि राष्ट्रपतींची सही झालेली नसल्यामुळे फाडण्याजोगा अध्यादेश अस्तित्वातच आला नव्हता.

'त्वरित' या शब्दाचा अर्थ किती लवचीक आहे हे १९६९ मध्ये कळले. चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी १९ जुलैला, शनिवारी काढला. संसदेचे अधिवेशन सोमवारी, २१ तारखेला सुरू व्हायचे होते. बँका रविवारी बंद असतात ही बाब लक्षात घेतली, तर परिस्थिती किती निकडीची होती याची कल्पना येते. पुढे संसदेने केलेला अधिनियम सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी १९७० रोजी रद्द ठरवला, आणि चौथ्या दिवशी नवा अध्यादेश हजर झाला.

'अधिवेशन चालू नसताना' ही अटही दिसते तितकी करडी नाही. बैठक तहकूब होणे, म्हणजे कामकाज काही काळ थांबणे, वेगळे, आणि सत्रसमाप्ती, म्हणजे राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या आदेशाने अधिवेशनच संपणे, वेगळे; अध्यादेशाचा प्राण या दुसऱ्या शब्दात आहे. केंद्रात तर दोन्ही सभागृहे सत्रात असतील तेव्हाच अध्यादेशाला मनाई आहे, त्यामुळे एकाची सत्रसमाप्ती केली तरी काम भागते. डिसेंबर २०१४ मध्ये काढलेला भूसंपादनाचा अध्यादेश २०१५ च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपणार होता, लोकसभेने विधेयक संमत केले होते, राज्यसभेत सरकारला बहुमत नव्हते आणि अर्थसंकल्पी अधिवेशन मध्यंतरासाठी थांबले होते. तेव्हा २८ मार्चला एकट्या राज्यसभेची सत्रसमाप्ती झाली आणि ३ एप्रिलला अध्यादेश पुन्हा निघाला. जे सभागृह विधेयक संमत करत नाही ते बंद असल्यामुळे कायदा करणे निकडीचे झाले, असा हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या निर्दोष आहे आणि म्हणूनच थोडा भीतिदायकही आहे.

मात्र या शास्त्रात बिहारची बरोबरी कोणीही करू शकलेले नाही, आणि ती कामगिरी उजेडात आणण्याचे श्रेय पुण्याला जाते. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ डी. सी. वाधवा हे जमिनीच्या कायद्यांचा अभ्यास करताना बिहारच्या राजपत्रांत शिरले आणि त्यांना दिसले की १९६७ ते १९८१ या काळात तेथील राज्यपालांनी २५६ अध्यादेश काढले होते आणि ते पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले होते. उसाच्या पुरवठ्यासंबंधीचा एक अध्यादेश तर जवळजवळ चौदा वर्षे जगला. पद्धत सुटसुटीत होती: अधिवेशन संपले की संसदीय कार्य विभाग इतर विभागांना पत्र पाठवी, कोणकोणते अध्यादेश संपत आले आहेत ते कळवण्यास सांगे, आणि मजकुरात बदल नसेल तर मंत्रिमंडळाच्या मान्यतेचीही गरज नाही असे नमूद करी. मुंबई-पुण्यातले अकरा महिन्यांचे भाडेकरार ज्या निर्विकारपणे नवे केले जातात त्याच निर्विकारपणे तेथे राज्याचे कायदे नवे होत होते, आणि विधानसभा ही वास्तू घरमालकाच्या नातेवाइकासारखी दुरून पाहत होती. वाधवा यांनी १९८३ मध्ये यावर पुस्तक लिहिले, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने हा प्रकार संविधानाशी केलेली लबाडी ठरवून त्यांना १०,००० रुपये खर्चापोटी देवविले. सरकारी राजपत्र मन लावून वाचल्याबद्दल भारतात कोणाला मिळालेला हा बहुधा सर्वांत मोठा मोबदला असावा.

या निकालानंतर बिहार सुधारले असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. १९८९ मध्ये तेथील खाजगी संस्कृत शाळा शासनाच्या ताब्यात घेणारा अध्यादेश निघाला, त्यामागोमाग आणखी निघत राहिले, एकही विधिमंडळात संमत झाला नाही, आणि १९९२ मध्ये शेवटचा व्यपगत झाला, म्हणजे मुदत संपून आपोआप निकालात निघाला. शिक्षक सरकारी नोकर झाले होते की नव्हते हा प्रश्न उरला, आणि त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ रोजी दिले: अध्यादेश सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक आहे, तो पुन्हा पुन्हा काढणे ही लबाडी आहे, आणि शिक्षकांना त्यातून कायमचा हक्क मिळत नाही. उत्तर यायला पंचवीस वर्षे लागली; निकडीच्या परिस्थितीतून जन्मलेल्या प्रश्नाला एवढा अवकाश मिळणे शोभून दिसते.

अध्यादेश हे सर्वस्वी लबाडीचे साधन आहे असे मानणेही मात्र अन्यायाचे होईल. जादूटोणाविरोधी विधेयक महाराष्ट्रात वर्षानुवर्षे विधिमंडळाच्या दारात ताटकळत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला, दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेशाला मान्यता दिली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने त्याचा अधिनियम केला. येथे घाई अध्यादेशाची नव्हती, उशीर विधेयकाचा होता. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांनी १९५० मध्येच सरकारला पत्र लिहून अध्यादेशांची पद्धत मूलतः लोकशाहीविरोधी असल्याचे बजावले होते. पंतप्रधान नेहरूंनी तत्त्व मान्य केले, अडचणी सांगितल्या, आणि अध्यादेश चालू राहिले. त्यानंतरच्या प्रत्येक सरकारने या बाबतीत नेहरूंचा वारसा एकमताने सांभाळला आहे.

साडेसात महिन्यांच्या हिशेबात न बसणारा एक अध्यादेश शेवटी नोंदवलाच पाहिजे. ब्रिटिश संसदेने १९४० मध्ये युद्धकाळापुरती व्हाइसरॉयच्या अध्यादेशांवरील सहा महिन्यांची मर्यादा उठवली होती, आणि त्या अवधीत १९४४ चा फौजदारी कायदा सुधारणा अध्यादेश निघाला, ज्याने गैरमार्गाने मिळवलेली मालमत्ता जप्त करण्याची सोय केली. युद्ध संपले, व्हाइसरॉय गेले, राज्य बदलले, संविधान आले. २०१८ मध्ये संसदेने भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात दुरुस्ती करून मालमत्ता जप्तीचे कलम घातले, तेव्हा त्या जप्तीला १९४४ च्या त्याच अध्यादेशाच्या तरतुदी लागू होतील असे त्यात लिहिले.